निवड खेळाडूंची, कसोटी प्रशिक्षकांची

अमेरिकेत दरवर्षी एप्रिलअखेरीस एक आगळा क्रीडासोहळा भरतो. त्यात एकही सामना खेळला जात नाही आणि एकही गुण नोंदला जात नाही. तरीही हजारो लोक प्रत्यक्ष गर्दी करतात आणि लाखो दूरचित्रवाणी संचासमोर ठाण मांडून बसतात. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल या व्यावसायिक साखळीतील संघ या दिवशी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड करतात. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. २०२४ मध्ये हा सोहळा डेट्रॉइट शहरात झाला, तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली. तोवरचा हा उच्चांक ठरला.

निवड झाली की त्याच रात्री गुणपत्रिका तयार होतात. कोणत्या संघाला ‘अ’ श्रेणी, कोणाला ‘क’, याची वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर चढाओढ लागते. अशा तातडीच्या निकालांना किती अर्थ असतो? चांगल्या निवडीचे श्रेय ती करणाऱ्या व्यवस्थापकाचे, की खेळाडू घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर यजमान शहराच्या संघासारखे, म्हणजे डेट्रॉइट लायन्ससारखे दुसरे उदाहरण नाही. अवघ्या पाव शतकात या संघाने निवडीतले आणि प्रशिक्षणातले तळ आणि शिखर दोन्ही अनुभवले आहेत.

लिलाव नव्हे, रांग

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा खेळाडूंच्या या खेळात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी आक्रमक संघाला चार प्रयत्न मिळतात. आक्रमण आणि बचाव यांचे खेळाडू वेगळे असतात आणि त्यांचे प्रशिक्षकही वेगळे असतात.

भारतीय वाचकांना आयपीएलचा लिलाव परिचित आहे. तेथे ज्याची थैली मोठी त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टचे तत्त्व नेमके उलटे आहे. आधीच्या हंगामात जो संघ तळाला, त्याला पहिली निवड मिळते. विजेता रांगेत शेवटी उभा राहतो. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. गंमत अशी की, त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिल्या क्रमांकाच्या निवडीलाही यशाची हमी नसते, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला होता.

आता ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात. आपला क्रम दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात त्याचा क्रम किंवा खेळाडू घेण्याची मुभा असते. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. २०११ पासून नवोदितांचे वेतनही निवडीच्या क्रमानुसार बांधून दिलेले आहे. त्यामुळे चांगला नवोदित खेळाडू पहिली चार वर्षे संघाला स्वस्तात मिळतो आणि उरलेला पैसा इतरत्र वापरता येतो. ड्राफ्टचे खरे मोल या चार वर्षांत दडलेले असते.

आयपीएलमध्येही एकदा अशी निवड झाली होती. २००८ मध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलावाऐवजी ड्राफ्ट ठेवण्यात आला. तेव्हा दिल्लीने आपल्याच शहरातल्या विराट कोहलीऐवजी वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला पसंती दिली आणि कोहली बंगळुरूकडे गेला. दिल्लीकडे त्या वेळी फलंदाजांची वाण नव्हती, त्यामुळे तो निर्णय त्या दिवशी कोणालाही वेडेपणाचा वाटला नाही. त्याची किंमत पुढे कळली.

आठ वर्षांची घसरण

लायन्सने १९३५, १९५२, १९५३ आणि १९५७ मध्ये अजिंक्यपद मिळवले. त्यानंतरच्या सहा दशकांहून अधिक काळात या संघाने बाद फेरीचा केवळ एक सामना जिंकला. तो विजय जानेवारी १९९२ मध्ये डॅलस काउबॉइजविरुद्ध मिळाला. मोटारनिर्मितीच्या या शहराने कारखाने बंद पडताना पाहिले, २०१३ मध्ये पालिकेची दिवाळखोरी पाहिली आणि दर हिवाळ्यात आपल्या संघाचे पराभवही पाहिले. तिकिटे मात्र पिढ्यान्पिढ्या वडिलांकडून मुलांकडे येत राहिली.

या काळातला सर्वांत कडवट अध्याय २००१ ते २००८ हा आहे. मॅट मिलन हे माजी खेळाडू आणि समालोचक संघाचे सर्वेसर्वा झाले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ३१ सामने जिंकले आणि ८४ गमावले. सतत तळाला राहिल्याने निवडीचे उत्तम क्रम मात्र वाट्याला येत होते. २००३ ते २००७ या पाच वर्षांत पहिल्या फेरीत चार वेळा ‘वाइड रिसीव्हर’, म्हणजे लांबवरचा फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू निवडण्यात आला. २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या चार्ल्स रॉजर्सच्या गळपट्टीचे हाड लागोपाठ दोन हंगामांत मोडले. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला आंद्रे जॉन्सन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. २००५ मध्ये दहाव्या क्रमांकावर माइक विल्यम्सची निवड झाली, तर पुढच्याच क्रमांकावर डॅलसने डिमार्कस वेअर हा बचावपटू घेतला. तोही आज ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आहे.

चौघांपैकी २००७ मधला कॅल्विन जॉन्सन असामान्य निघाला. त्याने २०१२ मध्ये एका हंगामात १,९६४ यार्डांचा विक्रम केला. पण त्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, लायन्सने हंगामातले सर्व १६ सामने गमावले. सोळा सामन्यांच्या हंगामात असे यापूर्वी कोणाचेही झाले नव्हते. म्हणजे निवड अचूक ठरली तरी एकट्या निवडीने संघ उभा राहत नाही. चेंडू झेलणारा कितीही थोर असला, तरी तो फेकणाऱ्याला संरक्षण हवे आणि डावपेच आखणाऱ्याला स्थैर्य हवे. मिलन यांच्या काळात मार्टी मॉर्निनवेग, स्टीव्ह मारियुची आणि रॉड मारिनेली असे तीन मुख्य प्रशिक्षक नेमले गेले. एका प्रशिक्षकासाठी निवडलेला खेळाडू दुसऱ्याच्या पद्धतीत बसत नव्हता.

प्रशिक्षक निवडीतली चूकही पुढे महागात पडली. जिम काल्डवेल यांनी २०१४ ते २०१७ या चार हंगामांत ३६ विजय आणि २८ पराभव अशी कामगिरी केली. तेवढ्यावर समाधान न मानता संघाने त्यांना निरोप दिला आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे बचाव समन्वयक मॅट पॅट्रिशिया यांना आणले. सुपर बोल जिंकणाऱ्या संघातला हा बुद्धिमान सहायक मुख्य प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरला. १३ विजय, २९ पराभव आणि एक बरोबरी अशा नोंदीनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना आणि व्यवस्थापक बॉब क्विन यांना दूर करण्यात आले.

नवी जोडी

जून २०२० मध्ये संघाची सूत्रे शीला फोर्ड हॅम्प यांच्याकडे आली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रॅड होम्स यांची सरव्यवस्थापक आणि डॅन कॅम्पबेल यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. होम्स लॉस एंजेलिस रॅम्ससाठी महाविद्यालयीन खेळाडू हेरण्याचे काम पाहत असत. कॅम्पबेल लायन्सचे माजी खेळाडू असून २००८ च्या त्या दुर्दैवी संघातही होते. मात्र त्या हंगामाचा बहुतेक काळ ते जायबंदी होते.

या जोडीचा पहिला मोठा निर्णय धाडसाचा होता. बारा वर्षे संघाचा क्वार्टरबॅक असलेला मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सला देण्यात आला. बदल्यात जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड मिळाली. स्टॅफर्डने पहिल्याच हंगामात रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला आणि लायन्सने त्याच हंगामात केवळ तीन सामने जिंकले. तेव्हा व्यवहाराचा निकाल एकतर्फी वाटत होता.

पुढे चित्र पालटले. या व्यवहारातल्या निवडी पुढच्या अदलाबदलीत वापरून लायन्सने वाइड रिसीव्हर जेमिसन विल्यम्स, रनिंग बॅक जमीर गिब्ज आणि टाइट एंड सॅम लापोर्टा असे तीन आक्रमक खेळाडू मिळवले. ‘रॅम्सने टाकलेला’ म्हणून हिणवला गेलेला गॉफ त्यांच्या मध्यभागी उभा राहिला. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सने बत्तीस वर्षांनंतर बाद फेरीचा सामना जिंकला. निकाल होता २४-२३ आणि समोर होता स्टॅफर्डचा रॅम्स संघ. दोन्ही बाजूंना फायदा झालेला असा व्यवहार विरळाच.

निवडीचा हिशेब

होम्स यांच्या पहिल्या दोन वर्षांत, २०२१ आणि २०२२ मध्ये, एकूण १५ खेळाडू निवडले गेले. हिशेब मांडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पहिला करार संपत आल्यावर संघाने कोणाला पुन्हा पैसे मोजले ते पाहणे. पंधरांपैकी सात जणांना २०२५ अखेरपर्यंत अनेक वर्षांचे दुसरे करार मिळाले. ते सात जण असे: पेनेई सूएल, एमन-रा सेंट ब्राउन, अलीम मॅकनील, डेरिक बार्न्स, एडन हचिन्सन, जेमिसन विल्यम्स आणि कर्बी जोसेफ.

यातला सेंट ब्राउन ११२ व्या क्रमांकावर चौथ्या फेरीत मिळाला होता. त्याच्याआधी सोळा रिसीव्हर निवडले गेले आणि ती सोळा नावे आपल्याला तोंडपाठ असल्याचे तो सांगतो. कर्बी जोसेफ ९७ व्या क्रमांकावर आला आणि २०२४ मध्ये त्याने साखळीत सर्वाधिक, म्हणजे नऊ वेळा प्रतिस्पर्ध्यांचा चेंडू मधल्यामध्ये पकडला. दुसऱ्या क्रमांकावर हचिन्सन मिळणे हे तळाला राहिल्याचे फळ होते, पण ११२ व्या क्रमांकावर सेंट ब्राउन मिळणे ही पारख म्हणावी लागते. मूल्यमापनात हा फरक महत्त्वाचा आहे. खेळाडू किती चांगला निघाला, याबरोबरच त्या क्रमांकावर साधारणपणे काय मिळते, तेही पाहावे लागते.

तातडीच्या गुणपत्रिकेचे वैयर्थ्य २०२३ च्या निवडीत दिसते. त्या वर्षी बाराव्या क्रमांकावर रनिंग बॅक गिब्ज आणि अठराव्या क्रमांकावर लाइनबॅकर जॅक कॅम्पबेल यांना घेतल्याबद्दल होम्स यांच्यावर टीकेची झोड उठली. या दोन्ही जागांवरचे खेळाडू पुढच्या फेऱ्यांत सहज मिळतात, तेव्हा वरचे क्रम त्यांच्यावर खर्चणे ही उधळपट्टी आहे, असा आक्षेप होता. सर्वसाधारण नियम म्हणून तो चुकीचा नव्हता. पण गिब्जने २०२४ मध्ये २० टचडाउन केले. दुसऱ्या फेरीतल्या लापोर्टाने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेऊन नवोदित टाइट एंडचा तत्कालीन विक्रम केला. त्याच फेरीतला ब्रायन ब्रांच बचावाचा आधार झाला.

याच वर्षी तिसऱ्या फेरीत घेतलेले हेंडन हुकर आणि ब्रॉड्रिक मार्टिन हे दोघे मात्र २०२५ च्या हंगामाआधीच संघाबाहेर गेले. उत्तम वर्षातही फसलेल्या निवडी असतातच. उलट, सुरुवातीची चमकही फसवी ठरू शकते. २०२२ मध्ये सहाव्या फेरीतल्या जेम्स हाउस्टनने पहिल्या सात सामन्यांत क्वार्टरबॅकला आठ वेळा जमीनदोस्त केले. पुढच्या हंगामात घोट्याचे हाड मोडले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लायन्सने त्याला सोडले.

अशा प्रसंगांत नशिबाचा वाटा किती? केड मॅसी आणि अर्थशास्त्राचे नोबेल विजेते रिचर्ड थेलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर शोधले आहे. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के आढळले. नाणेफेकीपेक्षा हे किंचितच बरे. त्यामुळे एखाद्या क्रमांकावर जीव ओवाळून टाकण्यापेक्षा अधिक निवडी हाती ठेवणे शहाणपणाचे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. लायन्सने २०२३ मध्ये सहाव्या क्रमांकावरून बाराव्या क्रमांकावर खाली उतरून लापोर्टासाठीची जादा निवड मिळवली, ती याच विचाराला धरून होती.

श्रेय कोणाचे?

२०२१ मध्ये तीन, २०२२ मध्ये नऊ, २०२३ मध्ये बारा आणि २०२४ मध्ये पंधरा अशी लायन्सच्या विजयांची चढती कमान राहिली. २०२४ मध्ये संघाने साखळीत सर्वाधिक ५६४ गुण नोंदवले. हे सारे निवडीचे यश म्हणावे, तर आक्रमण समन्वयक बेन जॉन्सन यांचा वाटा नाकारल्यासारखे होईल. जॉन्सन पॅट्रिशिया यांच्या काळापासून संघात होते. कॅम्पबेल यांनी जुन्या राजवटीतला म्हणून त्यांना काढले नाही, उलट २०२२ मध्ये बढती दिली. गॉफची उणीव झाकणारे आणि बळ वापरणारे डावपेच जॉन्सन यांनी रचले. आक्रमक फळीचे प्रशिक्षक हँक फ्रेली हेही असेच जुन्या चमूतून टिकलेले. चांगल्या मुख्य प्रशिक्षकाची एक खूण म्हणजे घरातली माणसे ओळखणे.

प्रशिक्षकांच्या निर्णयांचे मूल्यमापन करताना निकालाचा मोह टाळावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध उपांत्य स्वरूपाच्या लढतीत लायन्स मध्यंतराला २४-७ असे पुढे होते. उत्तरार्धात कॅम्पबेल यांनी दोन वेळा सोपे तीन गुण घेण्याऐवजी चौथा प्रयत्न खेळण्याचा धोका पत्करला. दोन्ही प्रयत्न फसले आणि सामना ३४-३१ असा गेला. पण हंगामभर याच धाडसाने संघाला सामने मिळवून दिले होते. ज्या निर्णयाचे विजयानंतर कौतुक होते, त्याच निर्णयाला पराभवानंतर मूर्खपणा म्हणणे हे मूल्यमापन नव्हे.

ताटातूट आणि परीक्षा

जानेवारी २०२५ मध्ये, १५ विजयांच्या हंगामानंतर लायन्स वॉशिंग्टनकडून ४५-३१ असा पराभूत झाला. ऑक्टोबरमध्ये पाय मोडलेल्या हचिन्सनसह बचावातले अनेक खेळाडू तेव्हा जायबंदी होते. पाठोपाठ जॉन्सन शिकागो बेअर्सचे आणि बचाव समन्वयक ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. खेळाडू बहुतांशी तेच, पण दोन्ही समन्वयक नवे. निवड आणि प्रशिक्षण यांचे पाणी वेगळे करून पाहण्याची ही दुर्मीळ संधी होती.

निकाल बोलका आहे. २०२५ मध्ये लायन्सचे विजय पंधरावरून नऊवर आले आणि बाद फेरी हुकली. नवे आक्रमण समन्वयक जॉन मॉर्टन यांच्याकडून डावपेच ठरवण्याचे काम हंगामाच्या मध्यातच कॅम्पबेल यांनी स्वतःकडे घेतले. तिकडे जॉन्सन यांच्या बेअर्सने ११ सामने जिंकून लायन्सच्याच गटात पहिले स्थान पटकावले. ग्लेन यांच्या जेट्सला मात्र १७ पैकी तीनच विजय मिळाले.

तरीही यावरून ‘सारे श्रेय जॉन्सन यांचेच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आक्रमक फळीचा कणा असलेला सेंटर फ्रँक रॅगनाऊ जून २०२५ मध्ये निवृत्त झाला होता. २०२४ मध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलेले टेरियन अर्नॉल्ड आणि एनिस रेकस्ट्रॉ हे दोघेही दुखापतींनी ग्रासले होते. शिवाय यशाची स्वतःची किंमत असते. गॉफला २१ कोटी २० लाख, हचिन्सनला १८ कोटी, सेंट ब्राउनला १२ कोटी आणि सूएलला ११ कोटी २० लाख डॉलरचे चार-चार वर्षांचे करार द्यावे लागले. २०२५ मध्ये संपूर्ण संघासाठी वेतनमर्यादा होती २७ कोटी ९२ लाख डॉलर. स्वस्तात मिळालेली गुणवत्ता महाग झाली की तिची जागा पुन्हा नव्या स्वस्त गुणवत्तेने भरावी लागते. त्यासाठी होम्स यांच्या २०२४ आणि २०२५ च्या निवडी पहिल्या तीन वर्षांइतक्या फळल्या पाहिजेत. त्यांचा निकाल अजून राखून ठेवावा लागेल.

मूल्यमापनाचे निकष

* किमान तीन हंगाम थांबावे. पहिल्या रात्रीची श्रेणी अपेक्षा सांगते, कामगिरी नव्हे.
* खेळाडूची तुलना त्याच्या क्रमांकाशी आणि त्याच्यानंतर उपलब्ध असलेल्यांशी करावी. संपूर्ण साखळीतल्या सर्वोत्तम खेळाडूशी नव्हे.
* दुसरा करार किती जणांना मिळाला, ते मोजावे. संघाचे खरे मत तेथे कळते.
* दुखापत आणि चुकीची पारख यांची गल्लत करू नये.
* प्रशिक्षकाच्या हाताखाली तिसऱ्या-चौथ्या फेरीतले खेळाडू सुधारतात का, ते पाहावे. पहिल्या फेरीतले बहुधा स्वतःच्या गुणांवरही खेळतात.
* सहायक सोडून गेल्यावर त्याची जागा कोण घेतो, यावर मुख्य प्रशिक्षकाची खरी परीक्षा होते.
* उत्तम समन्वयक उत्तम मुख्य प्रशिक्षक होईलच, असे गृहीत धरू नये. पॅट्रिशिया हे त्याचे उदाहरण.

या निकषांवर पाहता २०२१ ते २०२३ या काळातील लायन्सची निवड एनएफएलच्या अलीकडच्या इतिहासातल्या उत्तम निवडींमध्ये गणावी लागेल. कॅम्पबेल यांनी पराभवाची सवय लागलेल्या संघाला जिंकायला शिकवले, हेही निर्विवाद आहे. पण २०२५ च्या हंगामापर्यंत लायन्स एकदाही सुपर बोलपर्यंत पोहोचलेला नाही. मिलन यांच्या काळात पारख आणि प्रशिक्षण दोन्ही फसले, होम्स आणि कॅम्पबेल यांच्या काळात दोन्ही जुळले आणि त्यातला एक दुवा निखळताच घसरण झाली. व्यवस्थापकाने बी निवडायचे आणि प्रशिक्षकाने मशागत करायची, ही ती विभागणी आहे. पीक हाती येण्याआधी दोघांपैकी कोणालाही शाबासकी देण्याची घाई डेट्रॉइटकर आता करत नाहीत.